दुसरं विमान वाट बघत नाही

बोईसर-पालघरच्या बाईला गाडी बदलणं कुणी शिकवावं लागत नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, तेव्हापासून तर आपलं निम्मं आयुष्य विरारच्या फलाटावर धावण्यात गेलंय. आपली गाडी उशिरा पोचली, समोरची चर्चगेट लोकल डोळ्यांदेखत निघून गेली, तरी आपण काय करतो? पदर खोचतो, पुढच्या गाडीची वाट बघतो. तिकीट एकच, बोईसर ते चर्चगेट. कुठल्या लोकलने जायचं ते आपलं आपण ठरवायचं.

विमानाचंही थोडंफार असंच असेल, असं मला वाटायचं. ही समजूत मला किती महागात पडली, ते आज सांगणार आहे. कारण हल्ली आपल्या भागातल्या किती तरी जणी एकट्याने विमानात बसतायत. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग एमआयडीसी वाढली. नोकरीसाठी इथे आलेल्यांची मुलं इथेच शिकली, इंजिनीअर झाली आणि परदेशी गेली. आता लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणाला आई निघते. बाबांना रजा नसते, किंवा घरी म्हातारी माणसं असतात. मग आई एकटीच.

मीही अशीच निघाले, २०२३ च्या जानेवारीत. लेक टोरांटोला, पहिलंच बाळंतपण. डॉक्टरांनी तारीख दिली होती महिन्याच्या अखेरची. मी दहा दिवस आधी पोचणार, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, बाळंतविड्याचं सगळं सामान बरोबर.

तिकीट जावईबापूंनी काढलं. हुशार मुलगा, पण हुशारी कधी कधी नडते. मुंबईहून थेट टोरांटोपर्यंतचं तिकीट महाग होतं. दिल्लीहून युरोपातल्या एका शहरामार्गे टोरांटो, असं जाऊन-येऊन तिकीट बरंच स्वस्त मिळालं. मग मुंबई ते दिल्ली दुसऱ्या एका कंपनीचं वेगळं तिकीट काढलं. सगळं मिळून साडेचार हजार रुपये वाचले. "आई, दिल्लीत साडेचार तास आहेत मध्ये. आरामात चहा पिऊन जाल," जावईबापू म्हणाले. मला तर साडेचार तास म्हणजे डोंगराएवढे वाटले. विरारला आपल्याला साडेचार मिनिटं मिळतात!

तीन विमानं आणि दोन तिकिटं. या दोन आकड्यांमध्येच सगळी गोम होती, पण ती तेव्हा घरात कुणाच्याच ध्यानात आली नाही.

बॅग कुठवर जाणार?

रात्री दोनला बोईसरहून गाडीने निघालो. चिल्हार फाट्यावरून हायवेला लागलो, पहाटे सव्वाचारला मुंबईच्या टर्मिनल एकवर. विमान सातचं. यांना आत सोडत नाहीत, म्हणून दारातच निरोप घेतला. काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, तेवीस किलो आहे. पंधरा अलाउड आहे."

मी म्हटलं, "अगं, मी टोरांटोला चालले आहे. तिकडे तेवीस चालतात."

ती शांतपणे म्हणाली, "तुमचं आमच्याकडचं तिकीट दिल्लीपर्यंतच आहे ना. आमच्यासाठी तुम्ही दिल्लीच्याच प्रवासी."

हे एक वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर पुढचं सगळं समजलं असतं. देशातल्या विमानाच्या साध्या तिकिटावर सहसा पंधरा किलोच सामान नेता येतं. पुढचं तिकीट परदेशाचं दाखवलं तर काही कंपन्या सवलत देतात, काही देत नाहीत. मला नाही मिळाली. आठ किलोचे जादा पैसे भरले आणि वाचवलेल्या साडेचार हजारांतले बरेचसे तिथेच गेले. लाडू दिल्लीला पोचायच्या आधीच महाग झाले!

मी विचारलं, "बॅग आता टोरांटोलाच मिळणार ना?" ती म्हणाली, "नाही, दिल्लीला बेल्टवरून घ्यायची आणि पुढच्या कंपनीकडे पुन्हा द्यायची." मी मान डोलावली. पण 'पुन्हा द्यायची' म्हणजे नेमकं काय काय करायचं, ते मला कुठे ठाऊक होतं?

धुकं

सिक्युरिटीतून आत गेले, बसले. साडेसहाला फलकावर अक्षरं बदलली: उशीर. दिल्लीत धुकं. जानेवारीतल्या दिल्लीत हे नेहमीचंच, पण मला काय माहीत? आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे शाल पांघरून चहा घेण्यापुरती. आठ वाजले, नऊ वाजले. कंपनीने सँडविच आणि ज्यूस दिला. आजूबाजूची माणसं काउंटरवर जाऊन भांडत होती. मी शहाण्यासारखी गप्प बसून राहिले. आपण एकट्या, उगाच कशाला आवाज करायचा, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं ना! तेव्हाच उठून "माझं दिल्लीहून दुपारी एक चाळीसचं परदेशाचं विमान आहे, वेगळ्या तिकिटावर," एवढं सांगायला हवं होतं. ऐकणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. पण आधीच्या एखाद्या विमानात जागा असती, तर कदाचित दिली असती. निदान मी घरी फोन करून पुढच्या कंपनीला कळवायला सांगू शकले असते. तेही केलं नाही. लेकीला टेन्शन नको, म्हणून!

विमान दहाला उडालं आणि सव्वाबाराला दिल्लीच्या टर्मिनल एकवर उतरलं. एक चाळीसचं विमान, म्हणजे अजून जवळजवळ दीड तास. मनात म्हटलं, मिळेल. मी 'ट्रान्सफर'ची पाटी शोधायला लागले. लेकीने सांगितलं होतं, विमान बदलताना ट्रान्सफरच्या पाटीमागे जायचं. एका कर्मचाऱ्याने माझा कागद बघितला आणि म्हणाला, "आंटीजी, ये टर्मिनल तीन से है. सामान लेके बाहर जाइए."

बॅग बेल्टवर यायला पाऊणला दहा मिनिटं कमी झाली होती. बाहेर टॅक्सी. टर्मिनल तीनला पोचून, ट्रॉली ढकलत, दारावरच्या जवानाला पासपोर्ट-तिकीट दाखवून आत शिरले, तेव्हा सव्वा वाजला होता. काउंटरवर दिवे होते, माणसंही होती, पण चेक-इन बंद झालं होतं. सव्वा तास आधी बंद होतं, म्हणजे बारा पंचवीसलाच. मी विमानातून उतरून दहा मिनिटं झाली नव्हती, तेव्हाच ते दार लागलं होतं. त्यानंतरची माझी सगळी धावपळ फुकट होती.

विमान अजून जमिनीवरच होतं हो! पण मला त्यात बसता येत नव्हतं.

चूक कुणाची?

मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अहो, धुक्यामुळे उशीर झाला, माझी काय चूक?" काउंटरवरचा मुलगा भला होता. त्याने समजावलं ते मी आता तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते, कारण सगळा सार त्यातच आहे.

एकाच तिकिटावर दोन-तीन विमानं असतात, तेव्हा विमान कंपनीने तुम्हाला शेवटच्या गावापर्यंत पोचवायचं कबूल केलेलं असतं. पहिल्याला उशीर झाला आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवणं हे त्यांचं काम. बॅग बहुतेक वेळा थेट पुढे जाते. दोन्ही बोर्डिंग पास पहिल्याच काउंटरवर मिळतात. आपल्या डीजीसीएच्या नियमांतही जोडविमान चुकल्याचा जो विचार केलाय, तो एकाच तिकीट क्रमांकावरच्या प्रवासाचा.

तिकिटं वेगळी असली, की करारही वेगळे. पहिल्या कंपनीने मला दिल्लीला पोचवलं. उशिरा का होईना, पण पोचवलं. त्यांचं काम संपलं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी मी म्हणजे वेळेवर न आलेली प्रवासी. मी बोईसरहून आले की चांदणी चौकातून, धुक्यामुळे उशीर झाला की झोपून राहिले, त्यांना काही फरक पडत नाही. दोघांचंही बरोबर आणि मधल्या मधे मी!

"आंटी, एक काम करा," तो म्हणाला. "विमान सुटायच्या आत ज्यांनी तिकीट काढलंय त्यांना फोन करायला लावा आणि तारीख बदलून घ्या. विमान सुटलं, की तुम्ही 'नो-शो' व्हाल. मग पुढचं विमान, परतीचं तिकीट, सगळंच जाईल."

हे मला नवीनच होतं. एका तिकिटावरचा पहिला टप्पा न कळवता चुकवला, तर त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे, परतीचेसुद्धा, बहुतेक कंपन्या रद्द करतात. मी धावत फोन केला. टोरांटोला तेव्हा पहाटेचे तीन वाजायला आले होते. जावईबापू झोपेतून उठून, फोन एका कानाला आणि कॉम्प्युटर समोर घेऊन बसले. विमान सुटायला दहा मिनिटं असताना तारीख बदलली गेली. दोन दिवसांनंतरचं विमान मिळालं. बदलाचा दंड आणि भाड्यातला फरक मिळून बासष्ट हजार रुपये.

साडेचार हजार वाचवायला गेलो, त्याची ही गोष्ट.

पैशांचं दुःख हळूहळू विरतं. दुसरं मात्र विरत नाही. दिल्लीत यांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या घरी मी दोन रात्री काढल्या. दुसऱ्या रात्री फोन वाजला. लेकीला दिवस भरायच्या आधीच कळा आल्या होत्या. जावईबापूंनी व्हिडिओ लावला, आणि मी माझी नात पहिल्यांदा बघितली ती दिल्लीतल्या परक्या घरात, शालीत गुरगटून, फोनच्या पडद्यावर. लेक मला म्हणाली, "आई, तू असायला हवी होतीस." तिने तक्रार म्हणून नाही म्हटलं. पण मी ते अजून विसरले नाही.

मग वेगळी तिकिटं काढूच नयेत का?

असं मी म्हणणार नाही. कधी पैशांची ओढाताण असते, कधी एक तिकीट मिळतच नाही. काढा, पण काय काढतोय ते समजून काढा. मी नंतर जे शिकले, ते असं.

सगळ्यात आधी मुलांना विचारा, "पीएनआर एक आहे की दोन?" काही वेबसाइटवर दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं एकाच पानावर, एकाच बिलात दिसतात. बिल एक म्हणून तिकीट एक, असं समजू नका.

दोन असतील तर मधला वेळ तासांत मोजू नका, कामांत मोजा. विमानातून उतरणं, बॅग येणं, बाहेर पडणं, दुसऱ्या टर्मिनलला जाणं, पुन्हा रांग, आणि काउंटर बंद होण्याची वेळ. देशातल्या विमानांचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, परदेशाच्या विमानांचं तास ते सव्वा तास आधी. विमान सुटायची वेळ ही आपली वेळ नव्हेच, काउंटर बंद व्हायची वेळ ती आपली. ती तिकिटावर बघून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. माझ्या साडेचार तासांतले सव्वा तास असे आधीच वजा होते. धुक्याच्या किंवा मुसळधार पावसाच्या दिवसांत तर आदल्या दिवशीच मोठ्या शहरात पोचावं. एक रात्र लॉजचे पैसे जातात, पण झोप लागते.

दुसऱ्या विमानाचं ऑनलाइन चेक-इन घरूनच करून घ्या. पण त्यावर विसंबू नका. बॅग द्यायला काउंटरवर जावंच लागतं आणि परदेशाच्या प्रवासात व्हिसा बघितल्याशिवाय बोर्डिंग पास बरेचदा देत नाहीत. हातातल्या एकाच बॅगेवर जाता आलं, तर निम्मी धावपळ वाचते. पण बाळंतपणाला निघालेल्या आईला ते कसं जमणार, म्हणा!

पहिल्या काउंटरवर दोन्ही तिकिटं पुढे ठेवा आणि विचारा, "बॅग शेवटपर्यंत टॅग होईल का?" काही कंपन्यांचे आपसात करार असतात, त्या वेगळ्या तिकिटांवरही बॅग पुढे पाठवतात. स्वस्तातल्या कंपन्या सहसा नाही पाठवत. उत्तर काही मिळो, बॅगेच्या टॅगवरची तीन मोठी अक्षरं स्वतः वाचा. बॅग शेवटी कुठे उतरणार, ते तीच सांगतात. परतताना तर तिकीट एक असलं तरी साधारणपणे भारतातल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम होतं, बॅग घ्यावी लागते आणि पुढच्या देशी विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. अमेरिकेत शिरतानाही असंच.

आणि व्हिसा! हे सगळ्यात धोक्याचं. विमान परदेशात बदलायचं असेल आणि तिकिटं वेगळी असतील, तर बॅग घ्यायला त्या देशाच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं. म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. लंडनमध्ये तर नुसतं आतल्या आत विमान बदलायचं असलं, तरी भारतीय पासपोर्टवाल्यांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा अशा काही देशांचा व्हिसा असेल तर सूट मिळते, पण तिलाही अटी आहेत. व्हिसा नसेल तर मुंबईतच विमानात चढू देत नाहीत. हे तिकीट काढायच्या आधी तपासायचं, नंतर नाही.

टर्मिनल आणि विमानतळ दोन्ही वाचा. मुंबईचं टर्मिनल एक सांताक्रूझ-विलेपार्ल्याकडे, टर्मिनल दोन सहारला, रस्ता वेगळा. २०२५ च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं उडायला लागली. 'मुंबई' शोधलं की दोन्हीकडची तिकिटं समोर येऊ शकतात. एक विमान उलव्याला उतरलं आणि दुसरं सहारहून असलं, तर मधे पस्तीस-चाळीस किलोमीटरचं शहर आहे. आपल्या पालघरकरांना तर नवी मुंबई गाठायलाच वेळ हातात ठेवून निघायला हवं.

थोडं पैशांचंही. उशीर दोन तासांवर गेला तर मुंबई-दिल्लीसारख्या प्रवासात कंपनीने खाणं-पिणं द्यायला हवं, तो आपला हक्क आहे, उपकार नव्हेत. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत मागता येतात. आणि विमान चुकलं, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं, तरी भारतात तिकिटातले कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यायचा नियम आहे. आपण मागत नाही, म्हणून राहून जातं. प्रवास विमा काढताना 'मिस्ड कनेक्शन' त्यात आहे का, वेगळ्या तिकिटांना चालतं का, किती तासांच्या उशिरानंतर, हे वाचून घ्या.

गंमत बघा, रेल्वेने ही अडचण ओळखली. २०१९ च्या एप्रिलपासून जोडगाड्यांचे दोन पीएनआर एकमेकांना जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर दुसरीच्या पैशांतून कापाकापी होत नाही. जोडणी मात्र आधी करून घ्यावी लागते. नावं दोन्हीकडे सारखी हवीत. सुट्टीत दोन गाड्या बदलून गावी जाताना हे नक्की करा.

परतीला मी दिल्लीत उतरले, तेव्हा मुंबईचं विमान मुद्दाम दुसऱ्या दिवशीचं घेतलं होतं. जावईबापूंनी स्वतःहून बदललं. पुन्हा त्याच घरी गेले, त्याच खोलीत झोपले. सकाळी विमानतळावर इतकी लवकर पोचले, की दारावरचा जवान हसला. काउंटरवरच्या मुलीला मी स्वतःच म्हटलं, "माझं तिकीट मुंबईपर्यंतच आहे आणि बॅग मी मुंबईला घेणार." ती म्हणाली, "हो मॅडम, बरोबर."

यंदा शेजारच्या वहिनी सुनेकडे मेलबर्नला निघाल्या आहेत. परवा तिकिटाचा कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "बघा हो, सगळं ठीक आहे ना?" आम्ही दोघींनी चष्मे लावले, आधी पीएनआर शोधला. एकच होता. मग मी चहा टाकला.